चौथ्या अंकातल्या दोन ओळी

फतेगंजच्या रस्त्यावर मगर येऊन बसली होती, म्हणून त्या दोघांची भेट झाली.

ऑगस्ट संपत आला होता. विश्वामित्री काठोकाठ भरून वाहिली होती आणि आता ओसरत होती. पाणी ओसरलं की बडोद्यात असं होतंच; नदी परत जाते, पण तिची एखादी लेक मागे राहून जाते. ही चांगलीच मोठी होती. रस्त्याच्या मधोमध, तोंड किंचित उघडं ठेवून, कुणाची तरी वाट बघत असल्यासारखी निवांत पडली होती. दोन्हीकडे वाहनं थांबली होती, आणि चहाच्या टपरीवाल्यानं थांबलेल्यांना चहा द्यायला सुरुवातही केली होती.

"अगबाई," मोहना म्हणाली.

"बेन, जरा पाछळ रहेजो," गर्दीतून कुणीतरी बजावलं. मोहना एक पाऊल मागे सरकली, ती थेट एका छत्रीखाली.

"या ने. दोघांपुरती जागा आहे," छत्रीवाला मराठीत म्हणाला. "अगबाई म्हणालात म्हणून ओळखलं."

पाऊस बारीक होता, चाळणीतून पडावा तसा. मोहनानं प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेले कागद छातीशी घट्ट धरले होते.

"लोक मगरीला घाबरलेत," तो म्हणाला, "आणि तुम्ही पिशवी भिजेल म्हणून घाबरलाय. काय आहे एवढं?"

"नाटक आहे. इंग्रजी. चारशे वर्षांपूर्वीचं."

"कोणाचं?"

"तेच शोधतेय."

तो हसला. "चारशे वर्षांनी? सापडेल ने?"

"एक नाही, दोघं आहेत. दोघंही सापडतील."

"दोघांनी मिळून लिहिलं आणि एकानंही नाव घातलं नाही? मग एक तर दोघांचं भांडण झालं असणार... नाहीतर फारच पटत असणार."

मोहनानं पहिल्यांदाच त्याच्याकडे नीट पाहिलं. केसांवर पावसाचे थेंब होते. छत्री तिच्याकडे इतकी कलली होती की त्याचा उजवा खांदा पूर्ण भिजला होता, आणि त्याला ते कळलेलंही दिसत नव्हतं.

तेवढ्यात मगरी पकडणारी मुलं दोर घेऊन आली. एकानं मागून जाऊन ओलं गोणपाट अलगद मगरीच्या डोळ्यांवर टाकलं, आणि ती एवढी मोठी मगर एकदम शांत झाली.

"डोळे झाकले की शांत होते," तो म्हणाला.

"माणसांचं काय होतं?"

"माणसांचं? माणसांना मग जास्तच दिसायला लागतं."

मगर टेम्पोत चढली. रस्ता मोकळा झाला. तरी ती दोघं बराच वेळ त्या टपरीपाशी उभीच होती, आणि मोहना एका अनोळखी माणसाला चारशे वर्षांपूर्वीच्या नाटकाची गोष्ट सांगत होती.

त्याचं नाव अनुज शिर्के. त्याचे पूर्वज संस्थानच्या घोडदळात होते. त्यांची एक तलवार अजून घरात होती, पण आता ती फ्रिजच्या वर टांगलेली असे, आणि अनुज रोज सकाळी डबा घेऊन करजणच्या शाळेत इंग्रजी शिकवायला जात असे. दरवर्षी कोजागिरीला दांडिया बाजारातल्या मराठी मंडळाचं नाटक व्हायचं, ते तोच बसवायचा. या वर्षी नाटक मिळत नव्हतं.

"घंटा ओतणाऱ्याची लेक," मोहनाची गोष्ट ऐकून तो हळूच म्हणाला. "म्हणजे आपल्याकडे तांबटाची लेक. वडिलांच्या घंटेला तडा जातो, आळ शिकाऊ पोरावर येतो, त्याला गाव सोडावं लागतं... आणि शेवटी घंटा वाजते. तुम्ही हे मराठीत करा ने."

"मला लिहिता येत नाही. मला फक्त मोजता येतं."

"मग मी लिहितो, तुम्ही मोजा."

"असं कुठे असतं?"

"दोघांनी मिळून लिहायचं. ह्या नाटकाची तीच तर परंपरा आहे ने?"

आता मोहना काय मोजत होती, ते जरा समजून घेऊ. अवघड नाही.

चारशे वर्षांपूर्वी लंडनच्या नाटकवाल्यांना सतत नवीन नाटक लागायचं. एकटा लेखक किती लिहिणार? मग दोघं-तिघं मिळून बसायचे. पहिला अंक तू कर, दुसरा मी करतो, भांडणाचा प्रवेश त्याला दे, तो छान भांडतो. नाटक व्हायचं, लोक हसायचे, रडायचे, घरी जायचे. पुढे कधी ते छापलं गेलं तर त्यावर लेखकाचं नाव असेलच असं नाही. आणि मग कित्येक वर्षांनी अभ्यासक विचारायचे, यातलं कोणाचं काय?

ते ओळखायचं कसं? दिवाळीच्या चकल्या आठवा. पीठ एक, सोऱ्या एक, कढई एक. तरी ताटात बघून घरातली माणसं सांगतात, ही आईची, ही काकूची. आई शेवटचं टोक आत दाबते, काकू तसंच मोकळं सोडते. दोघींनाही ते ठाऊक नसतं. लेखकाचंही तसंच. मोठमोठे शब्द कुणीही कुणाचे उचलतो, पण बारीकसारीक सवयी त्याच्या त्याच्याच राहतात. एखाद्याच्या ओळीच्या शेवटी एक अक्षर जास्तीचं रेंगाळतं, जिन्याच्या शेवटच्या पायरीवर पाय रेंगाळावा तसं. दुसरा ओळ बरोबर जागेवर थांबवतो. मोहना त्या सवयी मोजायची. कोणत्या प्रवेशात कोणाचा हात, याचा एक तक्ता ती विद्यापीठाच्या इंग्रजी विभागासाठी तयार करत होती. तीन अंक झाले होते. चौथा अंक तिला दाद देत नव्हता.

"तिथे दोघांच्या सवयी एकमेकींत गुंतल्यात," ती अनुजला म्हणाली. रविवार होता, आणि ती दोघं कमाटीबागेतल्या एका बाकावर बसली होती. पाऊस थांबला होता, पण झाडं अजून ठिबकत होती. "निरोपाचा प्रवेश कोणाचा ते कळतच नाही."

"बाकावर बसून दोघांनी बोलत बोलत लिहिला असेल तर?"

"तरी प्रत्येक ओळ कोणाच्या तरी एकाच्याच तोंडून आधी येते ना?"

"येते का?"

"तुम्ही दर वेळी प्रश्नाला प्रश्नानं का उत्तर देता?"

"देतो का?"

मोहनानं हसू दाबलं आणि पेनानं कागदावर ठोकलं. "चहा प्यायचा तर आधी हे पान संपवा."

"तुम्ही शाळेत शिकवायला हव्या होतात," अनुज म्हणाला. "घरी जायचं तर आधी गणित करा. छत्री हवी तर आधी भिजून दाखवा."

असे रविवार जात राहिले. पहिला आणि तिसरा अंक त्याचा, दुसरा आणि पाचवा तिचा, असं ठरलं होतं. चौथा दोघांनी मिळून करायचा. दांडिया बाजारातल्या ज्या घरात मोहना वाढली, तिथे जेवताना शब्द अडला तर शब्दकोश ताटाशेजारी यायचा. तिची मराठी इस्त्री केलेली होती. अनुजच्या मराठीत मधूनच गुजराती शब्द चणे-कुरमुऱ्यांसारखे यायचे. तिनं ते काढावेत, त्यानं ते परत घालावेत... असं चालायचं.

लिहिताना ती दोघं संवाद मोठ्यानं म्हणून बघत. तो शिकाऊ पोरगा व्हायचा, ती तांबटाची लेक.

"तू घंटेला हात लावलास ना, तेव्हाच मला कळलं होतं," मोहना कागदात बघत म्हणायची.

"काय कळलं होतं तुला?" तो विचारायचा. तो कागदात बघत नसायचा.

बागेतली छोटी आगगाडी शिट्टी वाजवत जायची. आणि मोहना कागद नीट लावत म्हणायची, "हं... तुम्ही पुढचं घ्या."

नाटकातलं 'तू' कागदाबाहेर यायला तयार नव्हतं.

चौथ्या अंकाचा शेवट मात्र त्यांच्यानं होईना. मूळ नाटकात तिथे फारच थोडं होतं. ती म्हणते, जा. तो म्हणतो, जातो. बस. दोघांनी खूप प्रयत्न केले आणि शेवटी ते दोन शब्द तसेच ठेवले.

त्याच रविवारी निघता निघता अनुज म्हणाला, "भुजच्या एका निवासी शाळेत बोलावलंय मला. चांगली शाळा आहे. दिवाळीनंतर."

"मग?"

"कोजागिरीपर्यंत कळवायचंय."

"चांगलं आहे," मोहना म्हणाली. नंतर बराच वेळ ती पिशवीची गाठ बांधत राहिली. गाठ केव्हाच बसली होती.

तिला विचारायचं होतं, जाणार का? त्याला ऐकायचं होतं, जाऊ नका. पण दोघंही इतकी शहाणी होती की कोणीच काही बोललं नाही.

पुढच्या बुधवारी मंडळात चौथ्या अंकाची तालीम झाली. मोहनाला त्या दिवशी विभागात आपला तक्ता दाखवायचा होता, अनुजची शाळेत परीक्षा होती. दोघंही तालमीला नव्हती. तालीम भास्कररावांनी घेतली. भास्करराव मंडळाचे जुने प्रॉम्प्टर. विंगेत एका मोडक्या खुर्चीवर बसून कित्येक कोजागिऱ्या त्यांनी नटांना वाक्यं पुरवली होती, आणि वाक्यांपेक्षा जास्त दटावण्या. मंडळाची पद्धत अशी की तालमीत बोलता बोलता वाक्यं सुधारत, ती सगळी निरुपमाकाकू फोनवर रेकॉर्ड करायच्या, आणि घरी जाऊन ऐकत ऐकत संहितेची नवी प्रत टाइप करायच्या. दुसऱ्या दिवशी भास्करराव मुलीकडे सुरतेला गेले. नवी प्रत सगळ्यांच्या हातात आली.

मोहनानं ती घरी, खिडकीत बसून उघडली. चौथा अंक. शेवट.

जा.

जातो.

आणि त्याखाली, मूळ नाटकात कुठेही नसलेल्या, दोन ओळी होत्या.

निरोप घ्यायचा तर आधी हात तरी सोड.

सोडला असता. पण धरलाय कोणी?

मोहनानं कागद मांडीवर ठेवला. खाली रस्त्यावर भाजीवाला ओरडत होता, देवळातली घंटा वाजत होती. तिला त्यातलं काही ऐकू आलं नाही. मग सवयीनं ती ओळी तपासू लागली. हे करायचं तर आधी ते करा... ही तर तिची स्वतःची बोलायची तऱ्हा. आणि प्रश्नाला प्रश्नानं उत्तर, ही त्याची. तिनं तर लिहिलं नव्हतं. म्हणजे अनुजनं लिहिलं. त्यानं तिला बोलायला लावलं होतं आणि स्वतः उत्तर दिलं होतं. त्यानं तांबटाच्या लेकीला नाही, आपल्या दोघांनाच त्या प्रवेशात आणून उभं केलं होतं.

इतका स्पष्ट हात तिला चारशे वर्षांच्या नाटकातही कधी सापडला नव्हता.

तिकडे करजणहून परतताना गाडीच्या खिडकीशी अनुज तेच पान वाचत होता. त्यानं तर एवढं मोजलंही नाही. हे करायचं तर आधी ते... ही मोहना. दुसरं कोण? आणि त्याची थट्टा करायला तिनं उत्तरही त्याच्याच तऱ्हेनं लिहिलं होतं. निरोप घ्यायचा तर आधी हात सोड. याहून सरळ कसं सांगायचं कुणी, की भुजला जाऊ नकोस?

विचारलं असतं तर एका मिनिटात उलगडा झाला असता. पण विचारायचं कसं? अशी गोष्ट विचारली की तिचं पाणी होतं, असं दोघांनाही वाटलं. दोघं भेटली तेव्हा बोलणं झालं ते एवढंच...

"नवी प्रत वाचली?" त्यानं विचारलं.

"वाचली."

"चौथा अंक?"

"तोही वाचला."

"मग... कसा वाटला?"

"बरा आहे," मोहना म्हणाली. कानाच्या पाळ्या गरम झाल्या होत्या. "म्हणजे शेवट फारच बरा आहे."

"मलाही," तो म्हणाला, "शेवटच जास्त आवडला."

आणि दोघंही समोरच्याची लबाडी ओळखल्यासारखी हसली.

नवरात्र आलं. संध्याकाळ झाली की सगळं बडोदं गरब्याला निघे, म्हणून तालमी दुपारी व्हायच्या. एका संध्याकाळी मोठ्या मैदानात हजारो माणसांचं वर्तुळ फिरत होतं, आणि समोरच्या रांगेत मोहनाला अनुज दिसला. तिच्या रांगेची टाळी आणि त्याच्या रांगेची टाळी एकदम पडत होती. तो जवळ यायचा, वळायचा, लांब जायचा. ओढणीवरचे आरसे लखलखायचे. प्रत्येक फेरीत तो तिला शोधायचा, आणि सापडली की फक्त भुवई उचलायचा... आहात ने? ती मान हलवायची. आहे.

दुसऱ्या दिवशी तिनं वाल सोलत बसलेल्या आईला सांगून टाकलं. "आई, एक जण आहे."

आईचा हात थांबला नाही. "कुठला?"

"इथलाच. करजणला शिकवतो."

"रोज जाऊन-येऊन?"

"हो."

"बरं आहे," आई म्हणाली. "जातो, पण येतो तरी. नाव काय?"

मोहनानं नाव सांगितलं. मोठ्यानं उच्चारल्यावर ते नाव जरा वेगळंच वाटलं, घरात नवीन दिवा लावावा तसं.

कोजागिरीच्या आदल्या दिवशी रंगीत तालीम होती. दुपार कलली होती. मोहना प्रेक्षागृहात अगदी मागच्या रांगेत बसली होती. अनुज करजणहून थेट आला आणि तिच्या शेजारच्या खुर्चीत बसला.

"भुजला नाही म्हणून कळवलं," तो कुजबुजला.

"कधी?"

"आज दुपारी."

रंगमंचावर चौथा अंक संपत आला होता. शिकाऊ पोरगा झालेला रणवीर आणि तांबटाची लेक झालेली स्नेहल समोरासमोर उभी होती. निळा प्रकाश होता.

"जा," स्नेहल म्हणाली.

"जातो."

"निरोप घ्यायचा तर आधी हात तरी सोड."

"सोडला असता. पण धरलाय कोणी?"

अनुज मोहनाकडे झुकला. "तुमच्या ओळी," तो म्हणाला, इतक्या हळू की ते शब्दही नाटकातलेच वाटावेत.

मोहनानं हसून मान हलवली. "तुमच्या."

"काहीतरीच. तुमच्या आहेत ने."

"माझ्या कशा? तुम्ही लिहिल्यात."

"मी?" अनुज सरळ बसला. "मी नाही. आधी हे करा, मग ते करा, हे कोणाचं बोलणं? अख्ख्या बडोद्यात असं एकच माणूस बोलतं."

"आणि प्रश्नाला प्रश्न? तो कोणाचा? मी तपासलंय, अनुज. माझा अभ्यास आहे हा."

"तुमचा अभ्यास मला सांगू नका. रोज रात्री... म्हणजे, मी ते पान खूपदा वाचलंय."

"मी पण."

आता ती दोघं कुजबुजत नव्हती. रंगमंचावर रणवीर आणि स्नेहल हात हातात धरून तशीच उभी राहिली आणि प्रेक्षागृहातला हा प्रवेश बघू लागली. तेवढ्यात विंगेतून, मोडक्या खुर्चीचा कर्रकन आवाज करत, भास्करराव बाहेर आले. सुरतेहून ते त्याच सकाळी परतले होते. हातात नवी प्रत होती, चष्मा कपाळावर.

"थांबा," ते म्हणाले. "हे माझं बोलणं नाटकात कोणी घातलं?"

त्यांनी ते पान सगळ्यांना दाखवलं.

"अरे, त्या बुधवारी हा रणवीर निरोपाचा प्रवेश करतोय, आणि पोरीचा हात काही सोडत नाही. मीच ओरडलो त्याला. बाबा, निरोप घ्यायचा तर आधी हात तरी सोड. तर हा उद्धट मला उलट विचारतो..."

"...धरलाय कोणी," रणवीर खाली मान घालून म्हणाला. "खरंच तिनंच धरला होता, काका."

"मी नाही," स्नेहल म्हणाली. हात मात्र अजून सुटलेले नव्हते.

निरुपमाकाकूंनी कपाळावर हात मारला. "मी रेकॉर्डिंग ऐकून टाइप केलं हो. मला वाटलं, काय सुंदर लिहिलंय ह्या दोघांनी. टाइप करताना डोळ्यांत पाणी आलं माझ्या."

"आणि रणवीर, तू का नाही बोललास?" अनुजनं विचारलं.

"मला वाटलं, सर, तुम्हाला आवडलं म्हणून ठेवलंत."

भास्कररावांनी चष्मा नाकावर घेतला, ते पान पुन्हा वाचलं, आणि जरा विचार करून म्हणाले, "पण राहू द्या. शोभतंय."

मोहना बाहेर आली आणि मंडळाच्या पायऱ्यांवर बसली. थोड्या वेळानं अनुजही येऊन बसला, एक पायरी खाली. समोरच्या दुकानांत दिवे लागत होते. देवळामागून चंद्र वर येत होता. पुरा व्हायला त्याची अगदी एक कड राहिली होती.

"म्हणजे," अनुज म्हणाला, "भास्कररावांच्या दटावणीवर मी भुजची नोकरी नाकारली."

मोहनाला हसू आलं. "आणि मी आईला सांगितलं."

"काय सांगितलं?"

"काही नाही."

"काही नाही म्हणजे?"

"तुमचं नाव सांगितलं."

एक स्कूटर गेली. फुलांच्या दुकानातून निशिगंधाचा वास आला. मोहनाच्या लक्षात आलं की आपण इतकी वर्षं हात ओळखायला शिकलो, आणि शेजारी बसलेल्या माणसाचा चेहरा वाचायची आता हिंमत होत नाही. ओळी त्याच्या नव्हत्या. मग जे काही तिनं त्यात वाचलं होतं, ते कोणाचं होतं? तिचं एकटीचं?

"भुजला अजून फोन करता येईल मला," तो हळू म्हणाला. "निवासी शाळा आहे, कोणीतरी फोन उचलेल. म्हणजे... त्या ओळींवर तुम्हाला बांधून ठेवणं बरोबर नाही. त्या तुमच्या नाहीत. माझ्याही नाहीत. करू का फोन?"

त्यानं खरंच फोन हातात घेतला होता. मोहनाला त्याचा अंगठा दिसला, फोनच्या काचेवर टेकलेला. आता मागून कोणी वाक्य पुरवणार नव्हतं. विंगेतली खुर्ची रिकामी होती.

"नको," ती म्हणाली.

अनुजनं वर पाहिलं. "हे कोण बोललं?"

"मी."

"नक्की? भास्करराव नाहीत ने मागे?"

"नाहीत. ही ओळ माझी आहे." तिचा आवाज अगदी बारीक झाला होता, पण थांबला नाही. "जाऊ नकोस, अनुज. हवं तर खाली नाव घालते."

नाटकातलं 'तू' असं अचानक पायरीवर येऊन बसलं. अनुजनं फोन खिशात टाकला.

"मग माझीही एक घे," तो म्हणाला. "मगर आली नसती, तर मी तुला कसं शोधलं असतं, हा विचार मी रोज गाडीत करतो. करजण येईपर्यंत. आणि परत येताना पण."

"तुझीच आहे ना?" मोहनानं विचारलं.

"ओळखता येत नाही का?"

प्रश्नाला प्रश्न. तिनं मान हलवली. येत होतं.

त्या संध्याकाळी घरी जाऊन मोहनानं आपला तक्ता उघडला. निरोपाच्या प्रवेशासमोरचं घर इतके महिने रिकामं होतं. तिनं त्यात लिहिलं: इथे दोघं जवळ बसली होती. मग ते विद्यापीठाला चालणार नाही हे आठवून तिनं खोडलं आणि शहाण्या भाषेत लिहिलं, की या प्रवेशातले हात वेगळे करता येत नाहीत, आणि तिसराही कुणी असू शकतो. पण पहिलं वाक्य तिनं पुरतं खोडलं नव्हतं. वाचता येत होतं.

दुसऱ्या दिवशी कोजागिरी. मंडळात मागच्या अंगणात मोठ्या पातेल्यात केशर घातलेलं दूध आटत होतं, आणि त्याचा वास पार रंगमंचापर्यंत आला होता. मंडळाची एक जुनी रीत आहे. पडदा उघडण्यापूर्वी लेखकाचं नाव पुकारायचं, आणि लेखकानं पडद्यामागे रंगमंचावर नारळ फोडायचा.

"मूळ लेखक काय म्हणून सांगू?" निरुपमाकाकूंनी माइक हातात घेऊन विचारलं. "अज्ञात म्हटलं तर लोक म्हणतील, चोरलंय."

"दोघं जण म्हणा," मोहना म्हणाली.

काकूंनी पडद्यापुढे जाऊन सांगितलं, की हे नाटक फार पूर्वी लंडनमधल्या दोघांनी लिहिलं, आता बडोद्यातल्या दोघांनी मराठीत आणलं, आणि त्यात दोन ओळी आमच्या भास्कररावांच्या आहेत. टाळ्या झाल्या. विंगेत भास्करराव खुर्चीवर उगाचच सावरून बसले.

नारळ एकच होता. अनुजनं तो मोहनापुढे धरला, मोहनानं त्याच्यापुढे. शेवटी दोघांनी मिळून तो धरला. नारळाची शेंडी ओलसर होती. अंगणाच्या दाराच्या फटीतून चांदण्याची एक पट्टी आत आली होती, आणि ती दोघांच्या बोटांवर पडली होती. बाहेर माणसं थांबली होती. ती दोघंही थांबली होती.

"अरे," विंगेतून भास्कररावांचा आवाज आला, "नारळ फोडायचा तर आधी हात तरी सोडा."

अंधारात कुणीतरी हळूच म्हणालं, "धरलाय कोणी?"

पण ते मोहना म्हणाली की अनुज, हे पडद्यामागच्या कोणालाही सांगता आलं नाही.